काळयंत्राची एकच फेरी: पन्हाळ्याची रात्र की माणगावची परिषद?

गंगावेस: कोल्हापूरकराला भूतकाळात एकदाच जाता आलं, तर सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्यावरून निसटले ती रात्र सोडून दुसरं काय बघायचं? फक्त यंत्रात १२ जुलै १६६० टाकू नका. ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेची आहे. आजच्या कॅलेंडरनं ती २२ जुलै येते. १२ टाकलीत तर आषाढ पौर्णिमेऐवजी शुद्ध पंचमीच्या सुमारास उतराल आणि दहा दिवस शत्रूच्या छावणीशेजारी भिजत बसाल. राज्याभिषेकाचंही तसंच: ६ जून १६७४ म्हणजे आजचा १६ जून.

खासबाग: तारीख पटली, निवड नाही. पौर्णिमा खरी, पण वर आषाढाचे ढग. मशाली पेटवल्या तर सगळा बेतच फुटणार. मसाईच्या पठारावर उभं राहून हाती लागेल तो चिखल. त्यात शिवा काशीदांची पालखी वेगळी, महाराजांची वेगळी, आणि घोडखिंडीची लढाई दुसऱ्या दिवशी. एका फेरीत यातलं एकच काहीतरी मिळणार.

त्यापेक्षा माणगावची बहिष्कृत वर्गाची परिषद, २१ आणि २२ मार्च १९२०. भर उन्हाळा, लख्ख उजेड, भाषा आपलीच. आंबेडकर तेव्हा २८ वर्षांचे, त्यांचं 'मूकनायक' पाक्षिक सुरू होऊन दोन महिनेही झालेले नाहीत, आणि शाहू महाराज लोकांना सांगतात की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला. दोन्ही दिवस थांबा, आणि पुढं बसा. तेव्हा माइक नव्हता.

कोटीतीर्थ: शाहू महाराजच बघायचे म्हणून कुणी २६ जुलै १९०२ निवडेल, ५० टक्के राखीव जागांच्या आदेशाचा दिवस. तिथं फसाल. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते.

गंगावेस: @खासबाग, माणगावात काय झालं ते आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. माहीत असलेलंच बघायला एकुलती एक फेरी घालवायची? खिंडीत प्रश्न उरलेत. महाराज पोचल्याचा विशाळगडावरच्या तोफेचा इशारा बाजीप्रभूंपर्यंत पोचला का, हा त्यातला मोठा.

खासबाग: तसल्या पावसात रंजक, म्हणजे तोफ पेटवायची दारू, भिजली की तोफ मुकी. आणि वाजली तरी ओढ्यांच्या, लढाईच्या गदारोळात ऐकणार कोण?

गंगावेस: रंजक कोरडी ठेवणं हे गोलंदाजाचं रोजचं काम होतं, पावसाळा काय त्याच वर्षी आला नव्हता. वाऱ्याचाही विचार करा. विशाळगड खिंडीच्या पश्चिमेला, आणि मोसमी वारा पश्चिमेकडूनच येतो. वाऱ्याच्या दिशेनं जाणारा आवाज जमिनीकडं वाकतो, म्हणून लांबवर पोचतो. अडचण डोंगराच्या आडोशाची. खिंडीच्या तोंडाशी ऐकू येईल आणि आत येणार नाही, असंही होऊ शकतं. हे उभं राहूनच कळेल.

कोटीतीर्थ: माझं मत दोघांच्याही विरोधात. १९१८च्या सुमाराचं कोल्हापूर, बाबूराव पेंटरांनी घरच्या घरी सिनेमाचा कॅमेरा तयार केला ते दिवस. फिल्म सरळ सरकून चालत नाही. प्रत्येक चित्रापुरती थांबली पाहिजे, मग झटक्यात पुढं. सेकंदाला साधारण १६ वेळा, तेही हातानं दांडा फिरवून. दातेरी चाकाचा एक दात जरी कमीजास्त झाला तर पडद्यावर चित्र थरथरतं. हे दात लेथवर इतके अचूक कसे कापले, ते मला बघायचंय.

खासबाग: मग यंत्र तुमच्याकडंच द्यायला पाहिजे, बिघडलं तर दुरुस्त तरी कराल. माझं मत मात्र माणगावलाच.