हार्डवेअर रिव्हर्ब जोडल्यावर हमिंग येतंय, आवाज पोकळ होतोय. अभंगासाठी सेटिंगही हवंय

घरगुती_बंदिश

नमस्कार मंडळी. सेकंडहँड लेक्सिकॉन एमपीएक्स ११० (आवाजाला गुंज देणारं रिव्हर्बचं यंत्र) घेतलंय. इंटरफेस (माइक आणि संगणक जोडणारं यंत्र) चार इन-चार आउटचा, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर, ४८ किलोहर्ट्झ, बफर १२८. खोली नाशिकला इंदिरानगरात, दहा बाय बारा, भिंतींना गाद्या टेकवलेल्या. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांची यात्रा असते, त्याआधी मंडळाचे चार अभंग मिक्स करून द्यायचेत. एक गायक, हार्मोनियम, पखवाज, टाळ आणि अ‍ॅपवरचा तंबोरा.

१) युनिटबरोबर अडॅप्टर आला नाही, सध्याचा उसना आहे. राउटरचा ९ व्होल्टचा पडून आहे, तो चालेल का?
२) रिटर्नचा, म्हणजे युनिटमधून परत येणाऱ्या आवाजाचा, फेडर वर केला की हमिंग येतं.
३) रिव्हर्ब मिसळला की गायकाचा मूळ आवाजच नळीतून आल्यासारखा पोकळ होतो.
४) रिव्हर्बच्या प्रकारांपैकी हॉल लावू की प्लेट? मंडळाला 'देवळात गायल्यासारखं' हवंय.

पॅचबे

आधी अडॅप्टर. राउटरचा लावू नका. तो ९ व्होल्ट डीसी असतो, या युनिटला ९ व्होल्ट एसी लागतो, किमान एक अँपिअरचा. अशा यंत्रांत एसीच्या दोन अर्ध्यांतून अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्टेज आत तयार होतात; डीसी दिला तर एकच बाजू मिळते. महात्मा गांधी रोडवर दुकानात नुसतं 'नऊ व्होल्टचा अडॅप्टर' म्हणालात तर हातात डीसीच पडेल. 'आउटपुटसुद्धा एसी' असं सांगा आणि लेबलवर आउटपुटच्या आकड्यापुढे नागमोडी रेघ आहे का बघा. सरळ रेघेखाली तुटक रेघ असेल तर तो डीसी. पिन लावण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून मोजा. लोड नसताना १०-११ व्होल्ट दिसले तर घाबरू नका, साध्या ट्रान्सफॉर्मरचं तसंच असतं. ऑनलाइन कुठून १२० व्होल्ट इनपुटचा आला तर तो आपल्या २३० च्या सॉकेटला दाखवूही नका.

पोकळ आवाज: तुमचा मिक्स नॉब मध्यावर असणार. सेंड-रिटर्न पद्धतीत (आवाजाची प्रत युनिटला पाठवायची, परत आलेला रिव्हर्ब मूळ आवाजात मिसळायचा) तो पूर्ण उजवीकडे, म्हणजे शंभर टक्के वेट, नुसता रिव्हर्ब हवा. नाहीतर युनिटमधून कोरा आवाजही परत येतो, तोही संगणकातून बाहेर जाऊन आत येईपर्यंत उशिरा. समजा १० मिलिसेकंद उशीर झाला, तर मूळ आवाजात मिसळताना ५०, १५०, २५० हर्ट्झ असे दर १०० हर्ट्झवर खड्डे पडतात. तीच तुमची नळी. नॉब फिरवा, जाईल.

आता जोडणी. गायक मोनो आहे, म्हणून इंटरफेसच्या आउट ३ मधून युनिटच्या एका इनपुटला (मोनोसाठी कोणतं ते मॅन्युअलमध्ये बघा) एकच केबल पुरे. युनिटचे दोन्ही आउट इंटरफेसच्या लाइन इन ३ आणि ४ ला. माइकच्या प्रीअँपवाल्या सॉकेटात रिटर्न घेऊ नका, विनाकारण गेन चढतो. रीपरमध्ये 'रिव्हर्ब' नावाचा ट्रॅक करा, गायकाच्या ट्रॅकवरून त्यावर सेंड द्या आणि त्या ट्रॅकवर रीइन्सर्ट (बाहेरचं यंत्र ट्रॅकला जोडणारं रीपरचं प्लगइन) टाकून आउट ३/४, इन ३/४ निवडा. रीइन्सर्टमधलं पिंगचं बटण फेरीला लागणारा वेळ मोजून भरपाई करतं. पिंग करताना मात्र युनिट बायपासवर ठेवा. रिव्हर्ब चालू असेल तर पिंगच धूसर होऊन परत येतो आणि आकडा चुकतो.

काही इंटरफेसमध्ये हेडफोनचं सॉकेट आउट ३-४ शीच बांधलेलं असतं. तसं असेल तर सेंड हेडफोनमध्ये ऐकू येईल. मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

हमिंग: युनिटचा अडॅप्टर दोन पिनचा, त्याला अर्थिंग नाही, त्यामुळे संशय आधी दुसरीकडे घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. हमिंग गेलं तर घोळ चार्जर आणि स्पीकर यांच्या अर्थमध्ये आहे: सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. चार्जरची तिसरी पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गेलं नाही तर अडॅप्टरचा ठोकळा केबलींपासून दोन फूट दूर सरकवा. सेंड आणि रिटर्नच्या केबली मिळून एक मोठं वेटोळं होतं आणि ते ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतं. केबली एकत्र बांधून शेजारून न्या. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालवत असाल तर गुरगुर येणारच, तेव्हा मिक्स करू नका.

युनिटचे सॉकेट अनबॅलन्स्ड (सिग्नलची एकच तार आणि ग्राउंड असलेले) आहेत, म्हणून रिटर्नची केबल घरी बनवलेली बरी. दोन तारांची शिल्डेड केबल घ्या. युनिटच्या टोकाला मोनो जॅक, इंटरफेसच्या टोकाला स्टिरिओ जॅक. लाल तार टिप ते टिप. दुसरी तार मोनो जॅकच्या स्लीव्हपासून स्टिरिओ जॅकच्या रिंगला. शिल्ड फक्त इंटरफेसच्या टोकाला स्लीव्हवर डाग द्या, युनिटच्या टोकाला मोकळी कापून टेप लावा. तीन मीटरच्या आत ठेवा.

शेवटी लेव्हल. अशी युनिटं बहुधा −१० डीबीव्हीच्या जवळच्या सिग्नलची अपेक्षा करतात, इंटरफेस +४ डीबीयूच्या जगातला. फरक सुमारे १२ डीबी. अभंगातली सर्वांत चढी ओळ वाजवा, लेव्हलचा दिवा तांबडा होईपर्यंत इनपुट वाढवा आणि तिथून थोडा मागे या. इनपुट फार कमी ठेवून नंतर रिटर्न वर ओढला की खरखर आणि हमिंग दोन्ही वर येतात. तुमची निम्मी तक्रार तिथेच असेल.

टाळ_आणि_टेप

जोडणीबद्दल वरच्या प्रतिसादाला +१. मी चौथ्या प्रश्नापुरतं लिहितो.

देऊळ म्हटलं की लोक मोठा हॉल लावतात आणि शब्द बुडवतात. दगडी मंडप लहानच असतो. भिंत तीन मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पहिले पडसाद लवकर येतात आणि दाट येतात. त्या गंधासाठी चेंबर हा प्रकार, दीड सेकंदाच्या आतबाहेर. गायकाला प्लेट, १.८ ते २ सेकंद. दोन्ही एकदम या एका युनिटमधून चांगले निघणार नाहीत. तेव्हा प्लेट हार्डवेअरवर आणि चेंबर प्लगइनवर, असं वाटून घ्या.

प्री-डिलेसाठी, म्हणजे रिव्हर्ब सुरू होण्याआधीच्या विरामासाठी, या युनिटच्या पुढच्या पॅनेलवर वेगळा नॉब नाही. रीइन्सर्टच्या आधी रीडिले प्लगइन टाका: ड्राय पूर्ण खाली, वेट ० डीबी, फीडबॅक बंद. वेळ लयीवरून काढा. लय मिनिटाला ९० मात्रांची असेल तर एक मात्रा ६६७ मिलिसेकंद, तिचा सोळावा भाग ४२. तिथून सुरू करा. शब्दाचा ठोका आधी कोरडा ऐकू येतो, पडसाद मागून येतात, म्हणून 'विठ्ठल' मधला 'ठ्ठ' चिकटत नाही.

सेंडच्या वाटेवर रिव्हर्बच्या आधी ईक्यू हवाच: ३०० हर्ट्झखालचं कापा, वर ७-८ किलोहर्ट्झनंतरचं उतरवा. त्याच्याही आधी डी-एसर ('स'-'श' ची सुसकारी दाबणारं प्लगइन), फक्त सेंडवर. मराठीत 'स', 'श' आणि दंत्य 'च' प्लेटमध्ये गेले की फवारा उडतो. मूळ आवाजात त्यांना हात लावायची गरज नसते.

टाळ प्लेटला देऊच नका. त्यांची खणखण आधीच लांब वाजते, रिव्हर्बने ती पत्र्यासारखी होते. चेंबरला थोडे द्या, बस. पखवाजाचा धुमा रिव्हर्बमध्ये गेला की लय चिखलात रुतते. तिथे ३०० हर्ट्झचा कट अगदी सक्तीचा. तंबोरा शून्य. अखंड सुराला रिव्हर्ब ऐकू येत नाही, गढूळपणा तेवढा वाढतो. हार्मोनियमलाही त्याच कारणाने हात आखडता.

पातळी कशी ठरवायची? पूर्ण अभंग चालू ठेवून रिव्हर्ब कळेपर्यंत चढवा आणि तिथून २-३ डीबी उतरवा. हेडफोनवर ठरवू नका, तिथे रिव्हर्ब जास्त ऐकू येतो आणि स्पीकरवर मिक्स कोरडं निघतं.

घरगुती_बंदिश

पॅचबे, मिक्स नॉब खरंच मध्यावर होता. नळी गेली. चार्जर काढला तरी हमिंग होतं, अडॅप्टर हलवल्यावर जवळजवळ संपलं. आता नवीन अडचण: रीपरमध्ये ऐकताना सगळं ठीक, पण रेंडर केलेल्या फाइलमध्ये रिव्हर्बच नाही!

कोरडा_ठणठणीत

म्हणूनच मी म्हणतो, एका गायकाच्या मिक्ससाठी रीपरमधलंच रीव्हर्बेट प्लगइन लावा आणि मोकळे व्हा. ४२ मिलिसेकंद आणि ईक्यूची शिस्त पाळली तर ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. युनिटची खरी जागा गाताना गायकाच्या कानात. इंटरफेसच्या मिक्सरमध्ये माइक १ थेट आउट ३ ला द्या आणि लाइन इन ३-४ हेडफोनच्या मिक्सला. संगणकाची फेरीच टळते, गायकाला उशीर जाणवत नाही आणि रेकॉर्ड कोरडंच होतं. फक्त आउट ३-४ च्या मिक्समध्ये इन ३-४ चुकूनही घेऊ नका, नाहीतर रिव्हर्ब स्वतःलाच खाऊ लागेल आणि शिट्टी गायकाच्या कानात वाजेल. हेडफोन आउट ३-४ शी बांधलेला असेल तर हा मार्ग बंद.

पॅचबे

कानासाठी म्हणाल तर मान्य.

रेंडरचं असं: रीपर एरवी जमेल तितक्या वेगाने फाइल लिहितो, पण खरं यंत्र त्या वेगाने पळू शकत नाही. रेंडरच्या खिडकीत वेग 'ऑनलाइन रेंडर' करा, सहा मिनिटांच्या अभंगाला सहा मिनिटं लागतील. टेल ३००० मिलिसेकंद द्या, नाहीतर शेवटच्या समेनंतरची शेपटी कापली जाईल.

त्यापेक्षा रिव्हर्ब आधीच ऑडिओ म्हणून उतरवून घ्या. रिव्हर्बच्या ट्रॅकचा रेकॉर्ड मोड 'आउटपुट, स्टिरिओ, लेटन्सी भरपाईसह' करा आणि अभंग सुरुवातीपासून वाजवून रेकॉर्ड करा. मग त्या ट्रॅकवरचे इफेक्ट बायपास करा आणि येणारे सेंड म्यूट करा, नाहीतर रिव्हर्बला पुन्हा रिव्हर्ब लागेल. पुढच्या अभंगाला हात घालण्याआधी नॉबांचा मोबाइलवर फोटो काढून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका. मंडळ आठवड्याने 'पहिल्या अभंगासारखंच हवं' म्हणतं तेव्हा तोच कामाला येतो.