पिंगू : मातीच्या पेंग्विनबद्दल जाणकारांनी लिहावं

पिंगू म्हणजे टीव्हीवरची मुलांची मालिका, मातीचा बाहुला दर वेळी जरासा हलवून एकेक फोटो काढत केलेली. पाच मिनिटांचा भाग, बर्फ, इग्लू, टपाल वाटणारे बाबा, धाकटी बहीण पिंगा, मित्र रॉबी सील आणि चोच कर्ण्यासारखी करून काढलेलं ते ‘नूट नूट’. ‘किती गोड होतं ना’ हे सगळ्यांचं म्हणून झालंय, त्यामुळे इथे त्याच्या पुढचं हवंय. मातीकाम, कॅमेरा, आवाज, बालवाडी यातलं ज्यांना कळतं त्यांनी लिहा: पिंगूमधलं नेमकं काय लक्षात राहिलं, ते कसं साधतं, घरी करायचं तर काय लागतं आणि कुठे फसतं. स्वतःच्या बालपणाच्या गोष्टी थोड्या आवरत्या घ्या.

*

आधी सनावळी सांगून टाकते, म्हणजे पुढे वाद नकोत. पिंगू मूळचा स्वित्झर्लंडचा, ओटमार गुटमान यांचा. नमुन्याची फिल्म १९८६ची, मालिका १९९० ते २०००. गुटमान १९९३ सालीच गेले, पण काम थांबलं नाही. २००३ ते २००६ मध्ये ब्रिटनमध्ये नवे ५२ भाग झाले. २०१७मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीवर आला तो शहरात राहायला गेलेला, संगणकावर केलेला पिंगू.

जुने आणि ब्रिटिश भाग पाठोपाठ लावून बघा. जुन्यात अंगावर बोटांचे ठसे हलताना दिसतात, नव्यात कातडी गुळगुळीत. माझं मत जुन्याच्या बाजूने. ठसा दिसला की कुणीतरी हे हाताने केलंय हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं आणि ते लगेच माती मागतं.

*

माती मागितली की काय द्यायचं, ते सांगतो. तेलकट, न सुकणारी क्ले घ्या. हवेवर सुकणारी नको, दुसऱ्या दिवशी पंखाच्या सांध्याला तडे जातात. घरी मळलेलं मैद्याचं पीठही नको, शूटिंग चालू असतानाच ते बसत जातं.

साडेआठ-नऊ सेंटीमीटरच्या बाहुल्याला साधारण ९० ग्रॅम काळी, ३० ग्रॅम पांढरी आणि १५ ग्रॅम नारिंगी पुरते. आत पोळ्या गुंडाळतो ती फॉइल घट्ट चुरगळून केलेला सहा सेंटीमीटरचा अंडाकृती गोळा ठेवा. सगळा भरीव मातीचा केला तर स्वतःच्याच वजनाने दोन तासांत बुडाशी पसरतो. फॉइलवर काळ्या मातीची अर्ध्या सेंटीमीटरची पोळी चढवा. पोटासाठी त्यात सुरीने खोबण करा आणि पांढरी माती त्या खोबणीत बसवा. वरून नुसती चिकटवली तर वाकवताना कड सुटते.

तुकडे मळून ठेवतानाचा क्रम महत्त्वाचा: पांढरं आधी, नारिंगी मग, काळं शेवटी, आणि मध्ये दर वेळी ओल्या वाइपने हात पुसायचे. काळ्याचा डाग पांढऱ्यावर गेला की पुसून निघत नाही. तेवढा तुकडा कापून नवा बसवावा लागतो.

चोची चार करा: मिटलेली, अर्धी उघडी, पूर्ण उघडी आणि कर्णा. प्रत्येकीच्या मागे सेंटीमीटरभर टूथपिक. ‘नूट नूट’ची गंमत चौथीत आहे, पण मिटलेल्या चोचीवरून थेट कर्ण्यावर उडी मारली तर डोळ्याला झटका बसतो. मध्ये एक फोटो अर्ध्या लांबीच्या कर्ण्याचा घाला, मग पूर्ण कर्णा सहा फोटो धरून ठेवा. चोच बदलताना दुसऱ्या हाताने डोकं मागून धरायचं. ते मिलिमीटरभर फिरलं तरी पडद्यावर डोकं उडालेलं दिसतं.

*

वरच्या माती-प्रकरणात भर. पेंग्विन निवडण्यात केवढा शहाणपणा आहे बघा: बूड जड, मान नाही, बोटं नाहीत, पाय इवलेसे. माणसाचा पुतळा चालवायचा तर आत तारेचा सांगाडा आणि तळव्यात स्क्रू लागतो. पिंगू डुलत चालतो. अंग उजवीकडे झुकवा, डावा पाय दोन मिलिमीटर उचलून पाच मिलिमीटर पुढे ठेवा, मग उलट बाजू. एका पावलाला चार फोटो. उचललेल्या पायाखाली मातीचा बारीक तुकडा दडवला की पडत नाही.

आणि घाबरला की गोळा होतो, चेपला की चपटा, हे सगळं मातीला फुकटात जमतं. मारामारी करूनही कुणाला लागलंय असं वाटत नाही, त्याचं निम्मं श्रेय मातीचं.

*

कॅमेऱ्याबद्दल. युरोपातल्या टीव्हीला सेकंदाला २५ चित्रं लागत. पाच मिनिटांची ७,५०० होतात. एक स्थिती दोनदा टिपली तरी ३,७५० वेळा बाहुल्याला हात लावायचा. घरी सेकंदाला १२ पुष्कळ. पहिल्या खेपेला १५ सेकंदांच्या वर जाऊ नका. तेवढ्यालाही १८० फोटो लागतात, आणि मुलांचा उत्साह साधारण तिथेच संपतो.

पांढऱ्या बर्फावर काळा पेंग्विन ही फोनसाठी वाईट जोडी आहे. बर्फ बघून फोन चित्र करडं करतो आणि पिंगू जरा जवळ आला की पुन्हा उजळवतो. दोन्ही फोटो सुटे बघितले तर ठीक वाटतात, एकामागोमाग चालवले की चित्र लुकलुकतं. उपाय: स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या अ‍ॅपमध्ये फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा, शटर १/५० सेकंद ठेवा, खिडकी पूर्ण झाका. ढग सरकला की फोटोत कळतं. नऊ वॉटचे दोन एलईडी बल्ब बटर पेपरमागे ठेवा. एक समोरून तिरका, दुसरा मागून, म्हणजे काळ्या पाठीला उजेडाची कड येते. तापणारे हॅलोजन नकोत, माती मऊ पडते.

फोटो काढणाऱ्याने गडद शर्ट घालावा. पांढरा सदरा तेलकट मातीवर चमकतो, आणि माणूस हलला की चमकही हलते. बटण बोटाने दाबू नका, वायरवाल्या हेडफोनचं आवाजाचं बटण वापरा.

बर्फासाठी टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलवर वॉल पुट्टीचा पातळ हात द्या. काळे डाग पडले की पॉलिश पेपरने घासता येतात. मीठ पसरू नका, पावसाळ्यात पाणी सुटतं आणि पायांना चिकटतं.

*

आवाज राहिला. मूळ मालिकेतले सगळे आवाज एकाच माणसाचे, मिलानच्या कार्लो बोनोमी यांचे. त्याआधी ‘ला लिनेआ’ या एका रेघेच्या माणसालाही त्यांचाच आवाज होता. ते २०२२ साली गेले. शब्द नसलेलं पण बोलल्यासारखं वाटणारं हे बोलणं इटालियन रंगभूमीवर जुनं आहे, तिथे त्याला ग्रामेलो म्हणतात. त्यामुळे मालिकेला डबिंग लागलं नाही. लंडनमधल्या मराठी घरात बीबीसीवर जो पिंगू दिसला, तोच जपानमध्ये दिसला.

करायची रीत अशी: आधी खरं वाक्य कागदावर लिहा, उदाहरणार्थ ‘आई, मला पण ने ना गं’. ते तीनदा बोला, मग ओठ मिटून फक्त त्याची चाल गुणगुणा, मग त्या चालीवर निरर्थक अक्षरं घाला. कुठे लांबवलंय, कुठे तोडलंय ते जसंच्या तसं ठेवायचं. वाक्य न लिहिता थेट बडबड केली की सगळे एकाच सुरात बोलतात आणि राग कुठला, लाडीगोडी कुठली ते कळत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब, वर जाड चादर. मुलांच्या तोंडून रागात हमखास खरंखुरं ‘नाही!’ निसटतं. तेवढं कापून टाका.

*

बालवाडीच्या बाजूने लिहिते. एका वेळी दोन भाग, बस. यूट्यूबवरचे तासाभराचे जोडभाग लावले की तिसऱ्यापासून मुलं नुसती टक लावतात, हसत नाहीत. आणि कृपा करून मोठ्यांनी समालोचन करू नये. ‘बघ, आता तो रुसला’ असं आपण म्हटलं की मूल चेहरा वाचायचं सोडून आपलं ऐकतं. भाग संपल्यावर विचारा: ‘काय म्हणाला रे तो?’ एकेकाची उत्तरं अफाट असतात.

घरी बाळ येणार असेल तर अंड्यातून पिंगा बाहेर येते तो भाग लावा. पिंगू घर सोडून जातो तो भागही चांगला, पण तो शेवटपर्यंत दाखवा. जेवताना मस्ती करून मार खातो, रुसून निघतो, रात्री बर्फाचे सुळके राक्षसांसारखे दिसायला लागतात, आणि इकडे आईबाबा त्याला शोधत फिरतात. मुलं सुळक्यांना घाबरतात, पण त्यांच्या लक्षात राहतात ते शोधणारे आईबाबा. अर्ध्यात बंद केलं तर फक्त सुळके राहतात. मार मात्र आज खटकतो. मुलं विचारतातच, उत्तर तयार ठेवा.

पिंगूच्या स्वप्नाचा भाग पाच वर्षांच्या आतल्या मुलांना नको. पलंगाला पाय फुटून चालणं चालतं, पण तो हसणारा भलामोठा वॉलरस काही मुलांना रात्रीपर्यंत पुरतो.

*

एक राहिलं: शूटिंग दोन दिवस चालणार असेल तर रात्री बाहुला हवाबंद डब्यात उभा ठेवा. आडवा ठेवला तर पाठ चपटी होते. एप्रिल-मेमध्ये कोकणात किंवा मुंबईत सकाळी सुरू करण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, मातीवर दव धरतं आणि चोच निसटते.