जुना पीसी, टीव्ही आणि अॅम्प्लिफायर: ही ‘घूंऽऽ’ कुठून येतेय?

पडवीतली_खुर्ची:
नमस्कार मंडळी. ह्यांच्या ऑफिसात भंगारात निघालेला पीसी दीड हजारात घरी आणलाय. आय३, तोही चौथ्या पिढीचा, ४ जीबी रॅम. एसएसडी बसवली, व्हीएलसी प्लेअर टाकला. खटाटोप सगळा अण्णांसाठी. आकाशवाणी रत्नागिरीवरून टेप केलेलं नाट्यसंगीत आणि गावच्या देवळातली भजनं, अशा त्यांच्या ६३ कॅसेट मी गेल्या थंडीत ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम) उतरवल्या. तासाची कॅसेट तासभरच वाजते, तिथे घाई करून उपयोग नाही. वेव्ह फाइल तासाला ६३५ एमबी खाते, म्हणून सगळ्या फ्लॅक (दर्जा न घालवता लहान होणारी फाइल) करून ठेवल्यात.

जोडणी अशी: पीसीतून एचडीएमआय टीव्हीला. पीसीच्या मागच्या हिरव्या भोकातून वायर अॅम्प्लिफायरच्या ऑक्सला. मालिकांचा आवाजही मोठ्या स्पीकरवर हवा, म्हणून टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून दुसरी वायर अॅम्प्लिफायरच्याच दुसऱ्या इनपुटला. टीव्हीला केबलवाल्याची वायर आहेच.

तर स्पीकरमधून सतत घूंऽऽ. गाणं लागलेलं असो वा नसो, टीव्ही बंद असला तरी. तंबोरा समजून अण्णा दोन दिवस गप्प होते. वायर बदलून झाली. आता काय करू?

आणि जाता जाता: भाच्याच्या लग्नाचा फोनवरचा व्हिडिओ अडखळत चालतो. बाकी सगळे नीट चालतात.

सोल्डरगन:
ताई, टीव्हीच्या मागची केबलवाल्याची वायर काढून बघा. घूं थांबली तर ग्राउंड लूप.

पडवीतली_खुर्ची:
थांबली! अगदी शांत. पण केबल काढून ठेवली तर आई मला घरातून काढेल.

सोल्डरगन:
काढू नका, फक्त का होतं ते लक्षात घ्या. पीसीला अर्थिंग तीन पिनांच्या प्लगमधून, केबलच्या वायरीतली तारेची जाळी बाहेर खांबाकडे कुठेतरी अर्थ झालेली. दोन्हीकडचं अर्थिंग तंतोतंत सारखं कधीच नसतं. तो फरक तुमच्या ऑडिओच्या वायरींतून फिरतो आणि ५० हर्ट्‌झची गुणगुण ऐकू येते. पीसी, टीव्ही आणि अॅम्प्लिफायर एकमेकांना गोल जोडलेत, ते गोल तोडायचं.

फुकटातला उपाय: पीसी ते अॅम्प्लिफायर वायर काढा. आवाज एचडीएमआयने टीव्हीला आणि तिथून अॅम्प्लिफायरला. विंडोजमध्ये स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट म्हणून टीव्ही निवडावा लागेल.

आणि हात जोडून सांगतो, कुणी ‘पीसीच्या प्लगची अर्थची पिन तोडा’ म्हणालं तर ऐकू नका. गुणगुण जाईल, पण कॅबिनेटला शॉक यायला लागेल.

पडवीतली_खुर्ची:
अण्णा पहाटे साडेपाचला गाणी लावतात. तेव्हा टीव्ही सुरू केला की त्याचा उजेड थेट आईच्या तोंडावर.

सोल्डरगन:
मग ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या. काडेपेटीएवढी डबी असते, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, गाडीच्या ऑडिओवाल्याकडे मिळेल. पण ती टीव्हीच्या वायरीत लावा, पीसीच्या नाही. स्वस्तातली डबी खालचे सूर खाते. मालिकेतल्या भांडणाला फरक पडत नाही, पण डग्गा पोकळ वाटायला लागला तर अण्णांना लगेच कळेल.

तिसरा_मजला:
व्हिडिओचं मी सांगतो. नवे फोन एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये शूट करतात. ते हार्डवेअरवर पूर्ण उलगडायची सोय इंटेलने सहाव्या पिढीपासून दिली, १० बिटवालं (रंगांच्या जास्त छटांचं) तर सातवीपासून. तुमच्या चौथीत सगळा भार प्रोसेसरवर, त्यात व्हिडिओ फोर के असला तर बघायलाच नको. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये १०८० आणि एच.२६४ (जुना, हलका फॉरमॅट) करून घ्या, रात्रभर लावून ठेवा. नवा पीसी घेऊ नका एवढ्यासाठी.

शिवाय व्हीएलसीचा आवाज १०० च्या पुढे नेऊ नका. जुनी रेकॉर्डिंग बारीक येतात म्हणून लोक वर सरकवतात आणि मग तान फाटते. १०० वर ठेवा, बाकीचं काम अॅम्प्लिफायरच्या बटणाला.

कर्नल_पॅनिक:
विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टिम टाका, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय.

पडवीतली_खुर्ची:
कर्नलसाहेब, अण्णांना आत्ता कुठे माउस सापडायला लागलाय. हे पुढच्या वर्षी.

बाकीच्यांचे आभार. डबी टीव्हीच्या वायरीत बसवली, घूं गेली. फोल्डर उघडणं अण्णांना जमत नव्हतं, म्हणून व्हीएलसीत याद्या करून एम३यू८ (गाण्यांच्या यादीची फाइल) मध्ये सेव्ह केल्या (साध्या एम३यूमध्ये मराठी नावांची वाट लागली होती) आणि डेस्कटॉपवर चार मोठे आयकॉन ठेवले: सकाळ, नाटक, भजन, आणि ‘अण्णांनी स्वतः म्हटलेलं’. चौथा ते कुणाला लावू देत नाहीत.

लग्नाचा व्हिडिओ काल रात्री हँडब्रेकला लावला होता. ८२ टक्के झाला आणि पहाटे तीनला लाइट गेले. आज परत लावते.