प्राग, शुक्रवार ते सोमवार: कोणत्या दिवशी काय ठेवावं?

आडवाट
मंडळी, सप्टेंबरात प्रागमध्ये चार दिवस आहोत, शुक्रवार सकाळ ते सोमवार रात्र. सोबत आई आहे. सपाटीवर भरपूर चालते, पण चढ आणि पायऱ्या आल्या की गुडघे बोलतात. प्रागचा किल्ला, ज्यू वस्ती, चार्ल्स पूल, कुत्ना होरा (चांदीच्या खाणींचं जुनं गाव), कार्लश्टाइन (शहराबाहेरचा दुसरा किल्ला) अशी यादी आहे. दूरचं चेस्की क्रुमलोव्ह गाव बसेल का? ट्रामच्या तिकिटाचंही कुणीतरी नीट सांगा.

रूळबदल
आधी सुट्टीचे वार बघा, क्रम आपोआप लागतो. योसेफोव्ह म्हणजे ज्यू वस्ती, तिथली ज्यू संग्रहालयाची सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद, म्हणून ती शुक्रवारीच. कार्लश्टाइन सोमवारी सहसा बंद. किल्ला रोज उघडा असतो, पण रविवारी त्यातल्या सेंट व्हायटस कॅथीड्रलमध्ये दुपारी बारापर्यंत प्रार्थना असते, पर्यटकांना आत सोडत नाहीत. तेव्हा किल्ला सोमवारी सकाळी, शनिवारी कुत्ना होरा.

किल्ल्यावर खालून चढू नका. २२ नंबरच्या ट्रामने थेट पोहोर्झेलेत्सला उतरा. हा थांबा किल्ल्याहून उंचावर आहे, तिथून उतारानेच दारापर्यंत येता. आवारात फिरायला पैसे नाहीत, तिकीट फक्त आतल्या वास्तूंचं. दारावर सामान तपासू शकतात, मोठी बॅग आणू नका. परतताना पूर्वेकडच्या जुन्या पायऱ्या टाळा, आईंना उतरणंच जड जाईल. 'प्राझ्स्की ह्राड' थांब्यावरून पुन्हा २२ धरा.

क्रुमलोव्ह सोडा. जायला तीन तास, यायला तीन. तिथे रात्रीचा मुक्काम असेल तरच मजा.

खाणकामगार
कुत्ना होरात लोक हमखास एक चूक करतात. मुख्य स्टेशन गावात नाही, सेडलेट्समध्ये आहे. गावाचा मध्य तिथून सुमारे तीन किलोमीटर. त्यामुळे प्रागच्या मुख्य स्थानकावरून निघून (साधारण तासाभराचा प्रवास, काही गाड्यांना कोलीनला बदल) आधी सेडलेट्सच उरका. तिथलं अस्थिगृह, म्हणजे माणसांच्या हाडांनी सजवलेलं चॅपेल, स्टेशनपासून दहाएक मिनिटं पायी. पण तिकीट अस्थिगृहाच्या दारात मिळत नाही, जवळच्या माहिती केंद्रातून घ्यावं लागतं. थेट दारात गेलात तर परत फिरावं लागेल. आत फोटो काढायला बंदी आहे.

हाडांची ही मांडणी १८७० मध्ये फ्रांटिशेक रिंट नावाच्या सुताराने केली. सगळे झुंबर बघतात आणि पुढे जातात. तुम्ही श्वार्झेनबर्ग घराण्याचं हाडांचं कुलचिन्ह बघा. त्यात एक कावळा तुर्काच्या कवटीचा डोळा टोचतोय, आणि तो कावळाही हाडांचाच!

मग स्थानिक बस किंवा छोट्या रेल्वेने गावात. सेंट बार्बरा ही खाणकामगारांची संत. तिच्या चर्चचं काम १३८८ मध्ये सुरू झालं आणि १९०५ मध्ये संपलं. आतल्या एका भित्तिचित्रात नाणी पाडणारे कारागीर दिसतात, ते चुकवू नका. या गावच्या चांदीतूनच १३०० पासून प्राग ग्रोशन नाणी पडत होती.

आडवाट
भारी, हे कुणी सांगितलंच नसतं. मग रविवारी कार्लश्टाइन करावं का?

रूळबदल
आईंसाठी नको. स्टेशनपासून सुमारे दोन किलोमीटर, शेवटचा टप्पा खडा चढ, आणि आत मार्गदर्शकासोबतच फिरायचं, तेही जिन्यांवरून. होली क्रॉस चॅपेलच्या वेगळ्या फेरीचं आरक्षण आधी करावं लागतं. त्याऐवजी प्रागमधलाच जुना गड, व्हिशेहराड. मेट्रोच्या सी मार्गावर त्याच नावाचं स्टेशन आहे, तिथून बराचसा सपाट रस्ता. स्मेताना आणि द्वोर्झाक या संगीतकारांच्या कबरी तिथल्याच दफनभूमीत आहेत.

सुट्टेपैसे
तिकिटाचं: ७२ तासांचं घ्या; शुक्रवारी सकाळी सुरू केलं तर ते सोमवारी सकाळी संपेल, पुढचं वेगळं घ्या. कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात *एकदाच* घालून शिक्का मारा, मेट्रोत सरकत्या जिन्याआधी, ट्राममध्ये चढताक्षणी. शिक्का नसला की खिशात तिकीट असूनही दंड. मात्र ट्राममधल्या यंत्रावर कार्ड टेकवून घेतलेलं तिकीट लगेच चालू होतं, त्यावर शिक्का मारायचा नाही. शहराचं तिकीट कुत्ना होराला चालत नाही.

चलन कोरुना, युरो नव्हे. एटीएम 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं विचारतं, तिथे नाही म्हणा. पैसे बदलण्याच्या दुकानात 'कमिशन शून्य' पाटीवर जाऊ नका, हातात नेमके किती कोरुना पडणार ते आधी विचारा. फसलात तर पावती घेऊन तीन तासांत परत जा: १००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करून घ्यायचा हक्क २०१९ पासून कायद्यातच आहे.

चार्ल्स पूल सकाळी सातच्या आत. नऊनंतर पुतळ्यांपेक्षा सेल्फीच्या काठ्या जास्त दिसतात.