प्रतिसाद : भट्टीतल्या आणि बिनभट्टीच्या फरश्या

बर्लिनच्या जुन्या इमारतींच्या जिन्यांतल्या नक्षीदार फरश्या भट्टीत भाजलेल्या असतात, असं मूळ लेखात म्हटलंय. सगळ्या नाही हो! जर्मनीतल्या मेटलाख गावच्या, म्हणजे 'व्हिलेरॉय आणि बोख' या कंपनीच्या फरश्या भाजलेल्या; कोलोन कॅथेड्रलमधली १८८५ ते १८९९ दरम्यानची जमीनही त्यांचीच. सिमेंटची फरशी मात्र भट्टी बघतच नाही. साच्यात पत्र्याची नक्षीदार जाळी ठेवून प्रत्येक कप्प्यात रंगीत सिमेंट ओतायचं, जाळी अलगद उचलायची, वर कोरडं सिमेंट-वाळू टाकून दाबयंत्राखाली दाबायचं. मग पाण्यावर मुरवायचं. रंगाचा थर जेमतेम काही मिलिमीटर, खाली करडा माल. ओळखायचं असेल तर कोपऱ्यात व्हिनेगरचा थेंब टाका: फेसाळली तर सिमेंट. (लगेच पुसा, डाग कायमचा राहतो!)