१९७८ला विसरू नका
तमिळ सिनेमाचं सर्वोत्तम वर्ष कोणतं, या प्रश्नावर 'नायकन' या चित्रपटासाठी १९८७ला मान दिला गेलाय, तो रास्तच. पण माझं मत १९७८ला. त्या वर्षी दिग्दर्शक महेंद्रनचा पहिला चित्रपट 'मुळ्ळुम मलरुम' आला आणि रुद्रय्याचा 'अवळ अप्पडित्तान'ही. दोन्हींत रजनीकांत, दोन्हींना इळयराजाचं संगीत! रजनीकांत मूळचा शिवाजीराव गायकवाड, म्हणून आपल्याला त्याचं कौतुक असतंच. पण तो नट म्हणून काय ताकदीचा आहे ते 'मुळ्ळुम मलरुम'मध्ये पाहा. त्यात एक हात गमावलेला त्याचा नायक 'काळी' शेवटी बहिणीला स्वतःहून इंजिनिअरच्या हाती सोपवतो आणि त्याला तोंडावर सांगतो, तुम्ही मला अजूनही आवडत नाही, साहेब. डोळ्यांत पाणी, मान मात्र ताठ. माझ्या घशात दर वेळी आवंढा येतो. 'अवळ अप्पडित्तान' तेव्हा फारसा चालला नाही, याचं फार वाईट वाटतं. श्रीप्रियाची मंजू जरूर बघा.