मदत हवी आहे: संशोधन गटाचं काम मूल्यमापनात कसं मांडायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या सरकारी संशोधन संस्थेत गटांचं मूल्यमापन तोंडावर आलंय, अहवाल माझ्याकडे आहे. रकाने तेच: शोधनिबंध, इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांचा इतर निबंधांत सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो तो आकडा), एच-निर्देशांक (उदा. १० म्हणजे किमान १० वेळा संदर्भ घेतले गेलेले १० निबंध). हा एच-निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला तो एकेका संशोधकासाठी. अख्ख्या गटाला लावणं मला पटत नाही. आमच्या एक सहकारी तीन वर्षं उपकरणाचं कॅलिब्रेशन करून नोंदी तपासत होत्या. सगळा गट त्याच नोंदींवर उभा आहे, पण त्यांच्या कामाला रकानाच नाही! संशोधनाच्या मूल्यमापनात आकडे कसे वापरावेत यावरच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याचं पहिलंच तत्त्व सांगतं की आकड्यांनी तज्ज्ञांच्या गुणात्मक परीक्षणाला आधार द्यावा. बाहेरच्या परीक्षकांपुढे असं काम कुणी मांडलंय का? पुरावा म्हणून काय जोडलंत? फसलेले प्रयोगही लिहावेत का?